दादांचा न पिकलेला मोतीबिंदू

मागच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदूची नव्हे, पडद्याची. साखरेमुळे पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्यातलेच रक्त आत साचले होते. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. टाका एकही नाही! सगळे फोनवर विचारतात, म्हणून लिहायला बसलो, पण आठवत राहिले ते दादा.

साल १९८१. सकाळी उठल्यावर दादांना डोळ्यापुढे कोळिष्टके दिसू लागली, मग नुसते धुके. घरादाराचे निदान एकच, मोतीबिंदू. नेत्रशिबिरात म्हणाले, ‘अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी या.’ दादांना मधुमेह होता हे सगळ्यांना ठाऊक, पण साखरेचा आणि डोळ्याचा संबंध कुणी जोडला नाही. मी इतिहासाचा मास्तर, तरी विज्ञानाचा तास रिकामा असला की फळ्यावर डोळ्याची आकृती काढायचो...

उपाय निघून तेव्हा अकरा वर्षे झाली होती. डोळ्यातल्या पारदर्शक गराला हात लावला की डोळा गेला, असेच तोवर मानत. मियामीतल्या रॉबर्ट माखेमर या जर्मन डॉक्टरने अंड्याला भोक पाडून आतला पांढरा भाग कापून ओढण्याचा सराव केला. कापणे, ओढणे आणि तेवढेच पाणी आत सोडणे, तिन्ही कामे एकाच नळीत! १९७० मधला त्याचा पहिला रोगी मधुमेहीच, पाच वर्षे डोळ्यात रक्त साचलेला. चीर २.३ मिलिमीटरची. पुढे ओमॅली आणि हाइन्झ यांनी कामे तीन भोकांत वाटली, नळी ०.९ मिलिमीटरवर आली. २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी ती ०.५ वर आणली, तेव्हा बहुधा टाकाही लागेनासा झाला. माझ्या डोळ्यात हीच गेली होती.

आपल्याकडे १९७६ पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर मोतीबिंदूवर होता. ते चूक नव्हते, बहुतेकांची दृष्टी त्यानेच जायची. पण पडद्याचे सर्जन डॉ. बद्रीनाथ यांनी १९७८ मध्येच तेव्हाच्या मद्रासला शंकर नेत्रालय सुरू केले होते. पूर्ण्याला गाडी बदलून गेलो असतो. आम्ही पिकण्याची वाट पाहिली. साचलेल्या रक्तावर तंतू धरले, त्यांनी पडदा ओढून सोडवला. दुसरा डोळाही दोन वर्षांत गेला. पुढे वहिनी त्यांना रोज पेपर वाचून दाखवायच्या.

धाकट्या बापूलाही साखर आहे. म्हणतो, मला नीट दिसतं. दादांनाही आदल्या रात्रीपर्यंत नीट दिसत होतं. बापू, हे वाचत असशील तर गुरुवारी माझ्याबरोबर तुझीही वेळ घेतली आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने निघू.