माशाचं घर: हौद, पेटी आणि गोल भांडं

आज आपण एका छोट्या गोष्टीचा इतिहास पाहणार आहोत: घरात मासे ठेवायच्या भांड्याचा आकार.

आपल्याकडे मासे बघायचे ते वरून. वाड्यातला हौद, गावातली विहीर, देवळातलं कुंड. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात माशांच्या जाती आणि त्यांना घालायचं खाद्य यांवर सविस्तर मजकूर आहे. पण मासा बाजूने दिसायला काच कुठून आणणार? चीनमध्येही तेच. गोल्डफिश मातीच्या रुंद कुंड्यांत असत, म्हणून वरून देखणे दिसतील असेच ते पैदा केले गेले.

काच आली आणि नजर बदलली. युरोपात गोल्डफिश काचेच्या गोलात दिवाणखान्यात आला. शोभा होती, पण मासे टिकत नसत. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाण्याचा समतोल कसा राहतो ते मांडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. मग चौकोनी पेटी रुळली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, आणि मासा समोरून बघायची सवय आपल्या कित्येक पिढ्यांना तिथेच लागली. २०१५ च्या नूतनीकरणात तिथे ॲक्रिलिकचा बोगदा आला.

घरची पेटी आधी लोखंडी अँगलची, काच लांबीने बसवलेली. १९६० च्या दशकात सिलिकॉन आलं, काचेला काच चिकटू लागली. त्यात ॲक्रिलिकची भर पडली, आणि षटकोन, उंच खांब, भिंतीवरची चपटी चौकट, कॉफी टेबल, काय हवं ते बनू लागलं.

आता थोडं गणित करू. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो, आणि पंप नसेल तर तो मुख्यतः पृष्ठभागातून येतो. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल अर्धा भरला तर पृष्ठभाग साधारण ७०० चौरस सेंटिमीटर. तोच १५ सेंटिमीटरच्या गळ्यापर्यंत भरला तर जेमतेम १७७. म्हणजे बघा, पाणी जवळपास दुप्पट, श्वास मात्र पाव! तसंच ६० × ३० × ३० ची ५४ लिटरची पेटी उभी केली की पाणी तेवढंच, पण पृष्ठभाग निम्मा आणि तळावरचा दाब दुप्पट. रोम शहराने २००५ मध्ये गोल भांड्यांवर बंदी घातली, ती उगाच नाही.

आपलं नाशिक तर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. घंगाळात फुलं तरंगतात तसे मासेही सोडावेत, असा मोह होतो. पण ते करू नका. पाण्यात उतरणारं तांबं माशाच्या कल्ल्यांना विषारी असतं.

उलट हिवताप विभागाची माणसं टाक्यांत, हौदांत सोडतात ते गप्पी मासे आठवा. तिथे ना दिवे, ना कारंजं. पण उघडं, पसरट पाणी आणि खायला डासांच्या अळ्या. मासा मजेत राहतो.

आम्हाला या इतिहासातून एकच दिसतं. भांड्याचा आकार नेहमी बघणाऱ्याने ठरवला, राहणाऱ्याला कुणी विचारलं नाही. वेगळा आकार हवाच असेल तर जरूर घ्या. पण आधी वरून वाकून बघा, पाणी किती उघडं आहे. हौद बांधणाऱ्यांना ते न सांगता जमलं होतं.