फाइल वाचायची, की फाइलचं ऐकायचं?



या शनिवारी एका टेक्स्ट एडिटरचा इतिहास घेतलाय. एडिटर म्हणजे अर्थातच विम. सर्व्हरवर लॉगिन करून कॉन्फिग फाइल बदलणाऱ्याला तो टाळता येत नाही, आणि पहिल्या दिवशी त्यातून बाहेर कसं पडायचं हे कुणालाच कळत नाही :-) बाहेर पडण्यावर विनोद पुष्कळ झालेत. आज आत शिरण्याबद्दल बोलू. कुणीतरी पाठवलेली साधी टेक्स्ट फाइल विममध्ये नुसती उघडायची, आणि तिनं तुमच्या मशीनवर तिला हवी ती कमांड चालवायची, असं घडू शकत होतं. तेही एकदा नाही. २००२ ते २०१९ या सतरा वर्षांत निदान पाच वेळा या प्रकारची भोकं सापडली, आणि सगळी एकाच भिंतीत.

ती भिंत म्हणजे मोडलाइन. बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्ही-आय लिहिला. त्या जुन्या व्ही-आयमध्ये अशी सोय होती की फाइलच्या पहिल्या किंवा शेवटच्या पाच ओळींत एडिटरसाठी सूचना लिहून ठेवता येत. फाइल उघडली की एडिटर त्या ओळी वाचणार आणि त्यातल्या कमांड चालवणार. टीममध्ये सगळ्यांचा टॅब सारखा राहावा, इतकाच साधा उपयोग. पण कमांड म्हणजे कुठलीही कमांड! पुढे कीथ बॉस्टिकनं बर्कली युनिक्ससाठी एन-व्ही-आय नावाचा नवा अवतार लिहिला, तेव्हा त्याच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट सांगून टाकलं की हा सुरक्षेचा प्रचंड मोठा घोटाळा आहे आणि ही सोय इथे कधीच मिळणार नाही.

नेदरलँड्सच्या ब्रॅम मूलेनारनं १९८८ मध्ये अमिगा कॉम्प्युटरवर विमचं काम सुरू केलं आणि १९९१ मध्ये तो लोकांना दिला. त्यानं मधला मार्ग काढला. मोडलाइन ठेवली, पण तिच्यात फक्त ऑप्शन सेट करता येतील, कमांड नाही. ऐकायला एकदम सुरक्षित. गोची अशी की विमच्या काही ऑप्शनची किंमत म्हणजेच एक छोटं एक्स्प्रेशन असतं. उदाहरणार्थ, मजकुराच्या घड्या कुठे घालायच्या हे ठरवणारा फोल्ड-एक्स्प्र. एक्स्प्रेशन आलं की फंक्शन आलं, फंक्शन आलं की धोका आला. म्हणून मग सँडबॉक्स. एक्स्प्रेशन या पिंजऱ्यात चालणार, आणि पिंजऱ्यात काय करायचं नाही याची यादी विमच्या कोडमध्ये असणार.

माझ्या गावाकडचं उदाहरण देतो. आमच्या मुरुडात (लातूर जिल्ह्यातलं बरं का, जंजिऱ्याजवळचं नव्हे) पूर्वी ज्यांना वाचता येत नसे, अशा म्हाताऱ्या माणसांना शाळेतली पोरं पत्र वाचून दाखवायची. पत्रात लिहिलंय, "पत्र आणणाऱ्याला दोन पोती तूर द्या." पोरानं ते मोठ्यानं वाचायचं. उठून कोठीचं कुलूप काढायचं नाही. द्यायची की नाही ते घरधनी ठरवेल. मोडलाइननं त्या पोराच्या हातात किल्ली दिली, आणि सोबत "अमुक कोठी उघडू नकोस" अशी यादी दिली. मग पत्र लिहिणाऱ्याचं काम एकच: यादीत नसलेली कोठी शोधायची.

आणि लोकांनी शोधल्या. डिसेंबर २००२ मध्ये जॉर्जी गुनिन्स्कीनं दाखवलं की फोल्ड-एक्स्प्रमधून लिबकॉल हे फंक्शन वापरून सिस्टिमचं कुठलंही फंक्शन चालवता येतं. पॅच आला, यादीत लिबकॉल, रीनेम, डिलीट वगैरे नावं वाढली. २००४ मध्ये नऊ ऑप्शन धोक्याचे निघाले. २००७ मध्ये कळलं की फाइल लिहिणारं आणि चक्क शेल कमांड चालवणारं फंक्शनही पिंजऱ्यात चालतंय. २०१६ मध्ये फाइलटाइप, सिंटॅक्स आणि कीमॅप या तीन ऑप्शनमध्ये भोक सापडलं. ही तिन्ही नावं २००४ च्या नऊच्या यादीतही होती!

२०१९ चं भोक तर फार हुशारीचं. आर्मिन रझमजू या संशोधकानं विमची 'सोर्स' कमांड उद्गारचिन्हासकट वापरली. ही कमांड फाइलमधला मजकूर कीबोर्डवर कुणीतरी टाइप केल्यासारखा विमला भरवते. पिंजऱ्यात असताना ती फक्त रांग लावते. प्रत्यक्ष कमांड चालायची वेळ येते तेव्हा पिंजरा उघडलेला असतो. म्हणजे फाइल स्वतःलाच सोर्स करते आणि मोकळी होते. वर त्यानं टर्मिनलच्या एस्केप कोडनी तो मजकूर असा लपवून दाखवला की साध्या 'कॅट'नं फाइल पाहिली तर काहीच संशय येऊ नये.

२२ मे २०१९ ला त्यानं कळवलं, २३ मेला विमचा पॅच ८.१.१३६५ आला. निओविमचा २९ मेला. पॅचचा गाभा दोन ओळींचा: सँडबॉक्समध्ये असू तर सोर्स न करता परत फिर. पण माझ्या मते खरा पॅच त्याच्या लगेच पुढचा, ८.१.१३६६. त्यानं मोडलाइनमधली एक्स्प्रेशनच बंद केली. हवी असतील तर 'मोडलाइन-एक्स्प्र' हा ऑप्शन तुम्ही स्वतः चालू करायचा. याद्या वाढवण्याऐवजी किल्लीच काढून घेतली. इतकं साधं करायला सतरा वर्षं का लागली? कारण सोय एकदा दिली की कुणाची तरी फाइल तिच्यावर चालत असते, आणि ती मोडायला कुणीच धजावत नाही. आपल्या ऑफिसातल्या प्रॉडक्टमध्ये हे रोज दिसतं.

ब्रॅम ३ ऑगस्ट २०२३ ला वारला. आता ख्रिश्चन ब्राबांट आणि सहकारी विम सांभाळतात. पॅच लिहिणारे लिहितात, पण तो आपल्या मशीनवर बसवणं आपलंच काम. जुना सर्व्हर किंवा कधीकाळी बनवलेली डॉकर इमेज असेल तर विमची आवृत्ती एकदा बघा. पॅच बसवता येत नसेल तर कॉन्फिगमध्ये 'सेट नोमोडलाइन' लिहा. डेबियन तर मोडलाइन बंद ठेवूनच विम देतं.

एसक्यूएल इंजेक्शन, २०१४ चा बॅशमधला शेलशॉक, सगळ्यांची जातकुळी हीच. आणि आज आपण ज्या एआय असिस्टंटना मेल आणि डॉक्युमेंट वाचायला देतोय, त्यांच्यातही कुणीतरी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत "दोन पोती तूर द्या" लिहून ठेवतंच आहे. तिथेही सध्या बऱ्याच ठिकाणी याद्याच वाढवणं चाललंय. तुमच्या टीममध्ये असं काही बनत असेल तर सोमवारच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा: वाचणाऱ्याच्या हातात किल्ली कशाला दिली?

असो. भेटू पुढच्या शनिवारी.