संदर्भ म्हणजे पत्ता

सरावलीत बसून संशोधन-लेखाच्या संदर्भांविषयी बोलायचं म्हटलं, की काहींना वाटतं, हा विषय पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांचा. आपल्याला काय त्याचं? आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. एका बाजूला तारापूरचा किल्ला, दुसऱ्या बाजूला केळवे-माहीम. या दोन्ही गावांवर लिहिणारे शिक्षक, हौशी अभ्यासक आज या भागात आहेत. त्यांचे लेख नियतकालिकांकडून परत येतात ते बहुधा भाषेसाठी नव्हे. परत येतात ते 'संदर्भ अपुरे' या दोन शब्दांसाठी.

आधी आमचीच चूक सांगतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर आम्ही या किनाऱ्याच्या इतिहासाकडे वळलो. पहिल्याच लेखात 'महिकावतीची बखर' हिचा आधार दिला आणि पुढे ऐटीत लिहिलं, 'शके १३७०'. संपादकांनी एकच प्रश्न विचारला : कोणतं प्रकरण? आम्ही निरुत्तर. कारण बखर आम्ही उघडलीच नव्हती. उतारा दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलला होता आणि नाव मात्र बखरीचं दिलं होतं.

ही बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. ती एका हातची नाही, एका काळातलीही नाही. केशवाचार्यांच्या नावाची प्रकरणं शके १३७० ची, म्हणजे इ. स. १४४८ ची. इतर काही मजकूर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेला. म्हणजे प्रकरण न सांगता नुसतं 'बखरीत म्हटलं आहे' असं लिहिलं, की आपण शतकभराचा घोटाळा करून ठेवतो. त्यात माहीम नावाची गावंही दोन, एक मुंबईचं आणि एक आपलं. उतारा कुठला हेच कळलं नाही, तर गाव कुठलं हे वाचकानं कसं ठरवायचं? आमचा उतारा नंतरच्या भागातला निघाला. लेख मागे घेतला, बखर वाचली आणि पुन्हा लिहिला.

आता थोडं मागे जाऊ. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत लंडनमध्ये निघाला. त्यानं मूळ कागद मोठ्या प्रमाणावर वापरले, हे त्याचं श्रेय कुणी नाकारू नये. पण त्याच्या कितीतरी तळटिपांत आधार म्हणून नुसतं 'मराठी हस्तलिखितं' एवढंच आहे. कोणतं हस्तलिखित? कुणाच्या घरचं? कोणत्या पानावर? पत्ताच नाही. नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानं १८६७ च्या सुमारास पुण्यात डफच्या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला. आपला इतिहास आपण मूळ कागदांवरून तपासला पाहिजे, ही जाणीव तिथून जागी झाली.

राजवाड्यांनी ती तडीस नेली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ साली आला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. त्यांनी आधी कागद छापले, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि मग त्यांवर आपलं मत मांडलं. 'खंड अमुक, लेखांक तमुक' ही आपल्याकडची संदर्भाची पद्धत अशी रुळली. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि या कामाला घर मिळालं. लेखांकाची गंमत अशी, की राजवाड्यांचं मत न पटणाऱ्यालाही राजवाड्यांच्याच खंडातला कागद काढून त्यांच्याविरुद्ध वापरता येतो. आपल्या विरोधकाच्या हाती आपणच किल्ली देणं, याला आम्ही विद्वत्तेचा प्रामाणिकपणा म्हणतो. पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास उघडून बघा. १९३० ते १९६२ या काळात निघालेल्या त्या खंडांत मूळ संस्कृत वचनं तळटिपांत दिलेली आहेत. अर्थ पटला नाही तर वचन समोरच आहे, करा तुम्ही दुसरा अर्थ.

आता तारापूरकडे या. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला घेतला. त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर पडले. या मोहिमेचे कागद हवेत तर गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडून संपादित केलेल्या ४५ खंडांपैकी सोळावा खंड काढा. तो वसईच्या मोहिमेचाच आहे. त्याच वर्षी वसईही पडली. वसईच्या शरणागतीची तारीख काही पुस्तकांत ५ मे, तर काहींत १६ मे सापडते. विद्यार्थी गोंधळतो आणि म्हणतो, एक कुणीतरी चुकलं. चुकलं कुणीच नाही! इंग्रज तेव्हा जुनं कॅलेंडर वापरत होते, पोर्तुगीज नवं. फरक अकरा दिवसांचा. इंग्रजांनी नवं स्वीकारलं ते १७५२ साली. तारखेपुढे 'जुनी' की 'नवी' एवढा एक शब्द आणि मूळ आधार दिला असता, तर भांडण उरलंच नसतं.

शकाचंही तसंच. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळे पाठ करतात. पण जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा आहे. ७९ मिळवा, १६३० येतात. ७८ मिळवलेत तर महाराजांचं वय एका वर्षानं वाढवून ठेवाल. म्हणून आमचा आग्रह असा, की कागदावर किंवा पुस्तकावर शक असेल तर तो आधी जसाच्या तसा लिहा आणि इसवी सन त्याच्या शेजारी द्या. आपलं गणित चुकलं, तर वाचकाला दुरुस्त करता आलं पाहिजे.

आता स्वल्पविरामांचा प्रश्न. कुणी तळटीप मागतो, कुणी कंसात आडनाव आणि वर्ष. कंसाची रीत १८८१ साली हार्वर्डच्या एडवर्ड मार्क या प्राणिशास्त्रज्ञापर्यंत नेऊन पोचवतात. गिबनच्या इतिहासातल्या टिपा आधी ग्रंथाच्या शेवटी होत्या. त्या पानाखाली आणा, असं १७७६ साली प्रकाशकाला सुचवलं ते तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं. पान उलटून मागे जायचा त्याला कंटाळा आला होता! म्हणजे सोय वाचकाची बघायची. नियतकालिक जी रीत सांगेल ती मुकाट्यानं पाळा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच पाळा. पण संपादक, खंड, लेखांक, आवृत्ती, पृष्ठ यांतलं काही गाळू नका. आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेतला असेल, तर 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा कशात असतो, ते आम्ही भोगून सांगितलंच आहे.

नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण बोलणारा आप्त असेल तरच. वाचकाला आम्ही आप्त आहोत की नाही, हे कसं कळावं? आम्ही सांगितलेल्या पत्त्यावर तो गेला आणि तिथं आम्ही म्हटलं तेच सापडलं, तरच. उद्या तारापूरवर लिहिणाऱ्या एखाद्या मुलीनं आमचा लेख हातात घेऊन सोळावा खंड उघडावा आणि आमची चूक काढावी. तिला ती काढता आली, तर आमचे संदर्भ नीट होते असं समजू.