वजाबाकीतून घडलेला कॅमेरा

20 ऑगस्ट 2003 रोजी कॅनन कंपनीने ‘ईओएस 300डी’ हा कॅमेरा जाहीर केला आणि लेन्स वगळून त्याची किंमत 899 अमेरिकन डॉलर ठेवली, तेव्हा लेन्स बदलता येणारा डिजिटल एसएलआर कॅमेरा हौशी छायाचित्रकाराच्या आवाक्यात आला. या घटनेचे वर्णन बहुधा तंत्रज्ञानाची झेप असे केले जाते; प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्यात नवे असे फार थोडे होते. त्याचा 63 लाख बिंदूंचा सेन्सर, म्हणजे प्रकाशाचे विद्युत्संकेतांत रूपांतर करणारी चिप, त्याच वर्षाच्या आरंभी आलेल्या आणि 1,499 डॉलरांना विकल्या जाणाऱ्या ‘10डी’मध्येही होता, आणि त्या संकेतांचे चित्र बनवणारा प्रोसेसरही दोहोंत एकाच जातीचा होता. सहाशे डॉलरांचा फरक पडला तो काय काढून टाकले यामुळे. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरचा पुढचा सारा इतिहास अशा वजाबाक्यांचा आहे, आणि कॅमेरा निवडणाऱ्याला जे जाणून घेणे खरोखर गरजेचे असते ते जाहिरातीतील बिंदूंच्या आकड्यापेक्षा या वजाबाक्यांमध्येच सापडते.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश 45 अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर वळून दृश्यदर्शकात, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये पोचतो, आणि बटण दाबताच आरसा वर उचलला जाऊन तोच प्रकाश फिल्मवर किंवा सेन्सरवर उतरतो. त्यामुळे छायाचित्रकार जे पाहतो ते लेन्सच्याच नजरेने पाहतो. 35 मिलिमीटर फिल्मसाठीची ही रचना ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने 1936 साली ‘किने एक्झाक्टा’मध्ये आणली, चित्र सुलट दाखवणारा पंचकोनी लोलक 1949च्या ‘कॉन्टॅक्स एस’मध्ये आला, आणि 1954 साली जपानी ‘असाहीफ्लेक्स 2बी’ने चित्र घेतल्यावर आरसा आपोआप खाली आणण्याची सोय रूढ केली. नवशिक्यांचा एसएलआर या कल्पनेचा खरा पूर्वज मात्र 1976 साली आलेला ‘पेन्टॅक्स के1000’ होय. 1997पर्यंत बाजारात राहिलेल्या आणि छायाचित्रणाच्या वर्गांमध्ये पाठ्यपुस्तकासारख्या वापरल्या गेलेल्या या कॅमेऱ्यातही काटछाट होतीच: स्वतःचे चित्र घेण्यासाठीचा सेल्फ-टायमर नव्हता, चित्रातील किती खोली स्पष्ट येईल ते आधी पाहण्याची सोय नव्हती. पण शटरचा वेग, लेन्सचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर, आणि योग्य प्रकाश मिळतो आहे की नाही हे सांगणारी दृश्यदर्शकातील सुई, या तीन गोष्टी शिकणाऱ्याच्या हातात पूर्णपणे ठेवलेल्या होत्या. तेथे सोयी वजा झाल्या होत्या आणि नियंत्रण शिल्लक होते. 2003 साली नेमके याच्या उलट घडले.

डिजिटल एसएलआर तोवर महाग का होता, याचे उत्तर सेन्सरच्या आकारात आहे. कोडॅकने 1991 साली निकॉनच्या ‘एफ3’ या फिल्म कॅमेऱ्यावर बसवलेली ‘डीसीएस’ ही यंत्रणा 13 लाख बिंदूंचे चित्र देई. चित्रे साठवण्यासाठी तिच्याबरोबर खांद्याला लटकवायची वेगळी पेटी असे, आणि किंमत वीस हजार डॉलरांच्या आसपास जाई, त्यामुळे ती वृत्तसंस्थांपलीकडे फारशी गेली नाही. 1999चा ‘निकॉन डी1’ वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी मनापासून स्वीकारला, तरी तोही पाच हजार डॉलरांच्या घरात होता. सेन्सर सिलिकॉनच्या गोल पातळ तबकडीवर घडवले जातात. सेन्सर जितका मोठा तितके एका तबकडीवर कमी बसतात, आणि एखादा बारीकसा दोष आला की त्या जागेचा पूर्ण सेन्सर वाया जातो. म्हणूनच 36 बाय 24 मिलिमीटरच्या फिल्मचौकटीएवढा सेन्सर परवडणारा नव्हता, आणि 300डीमध्ये साधारण 22.7 बाय 15.1 मिलिमीटरचा सेन्सर बसवला गेला. लहान सेन्सर लेन्सने दाखवलेल्या दृश्याचा मधलाच भाग टिपतो, त्यामुळे त्यावर 50 मिलिमीटरची लेन्स फिल्म कॅमेऱ्यावरील 80 मिलिमीटर लेन्सइतकेच दृश्य पकडते. लांबचे पक्षी टिपणाऱ्याला ही गोष्ट वरदान ठरली. ज्याला छोट्या खोलीतील सगळे कुटुंब एका चौकटीत बसवायचे होते त्याच्यासाठी मात्र 18 ते 55 मिलिमीटरची नवी, हलकी झूम लेन्स काढावी लागली, जी पुढे ‘किट लेन्स’ या नावाने घरोघरी पोचली.

300डीमधील वजाबाकी जवळून पाहण्यासारखी आहे. 10डीचे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे अंग जाऊन चंदेरी प्लास्टिकचे आले आणि वजन 790 ग्रॅमवरून 560 ग्रॅमवर उतरले. भरीव काचेच्या लोलकाऐवजी आरशांची पोकळ जुळणी, म्हणजे पेन्टामिरर, बसवल्यामुळे दृश्यदर्शक किंचित अंधुक झाला. पाठीमागची फिरती तबकडी गेली. सलग नऊ चित्रांऐवजी चारच घेता येऊ लागली. हे सारे खर्च वाचवण्याचे सरळ मार्ग होते आणि त्यांबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. परंतु काही गोष्टी केवळ आज्ञावलीतून अडवून ठेवल्या होत्या, आणि त्यांचा पैशांशी संबंध नव्हता. धावत्या विषयावर सतत फोकस धरून ठेवण्याची पद्धत फक्त ‘स्पोर्ट्स’ या तयार मोडमध्ये मिळे, ज्यात शटरचा वेग वापरणाऱ्याला ठरवता येत नसे; फ्लॅशचा उजेड कमीजास्त करण्याची सोय आणि थरथर टाळण्यासाठी आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोय नाहीशी झाली होती. जाणकार हौशी मंडळींनी कॅमेऱ्याची आज्ञावली बदलून यांतल्या काही सोयी परत मिळवल्या, तेव्हा त्या यंत्रात मुळातूनच होत्या हे उघड झाले. शिकणाऱ्याला जे सर्वांत आधी शिकायला हवे तेच महागड्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवण्याची ही पद्धत या व्यवसायातील सर्वांत खेदजनक रीत म्हटली पाहिजे.

निकॉनने जानेवारी 2004 मध्ये जाहीर केलेला ‘डी70’ शंभर डॉलरांनी महाग होता, पण त्यात दोन फिरत्या तबकड्या, हव्या त्या एका बिंदूवरचा प्रकाश मोजण्याची सोय आणि सेकंदाच्या 8,000व्या भागापर्यंतचे शटर होते, आणि शिकू पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो निःसंशय अधिक उदार होता. मात्र त्याच कंपनीच्या 2006च्या ‘डी40’मध्ये वेगळीच वजाबाकी झाली. निकॉनच्या बहुतेक जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसे. कॅमेऱ्यातील मोटर एका बारीक दांड्याने लेन्सची भिंगे पुढेमागे सरकवी. डी40मधून ती मोटरच काढून टाकल्याने कॅमेरा छोटा आणि स्वस्त झाला, आणि त्याच वेळी निकॉनची लोकप्रिय, स्वस्त 50 मिलिमीटर एफ 1.8 लेन्स त्यावर आपोआप फोकस करेनाशी झाली. मोटर असलेली 35 मिलिमीटरची परवडणारी लेन्स 2009 साली आणि 50 मिलिमीटरची 2011 साली येईपर्यंत त्या ग्राहकांना हाताने कडे फिरवावे लागे. कॅननने 1987 सालीच मोटर लेन्समध्ये हलवलेली असल्याने तिच्या ग्राहकांना हा प्रश्न पडला नाही. कॅमेऱ्याची निवड ही वस्तुतः लेन्सच्या कुळाची निवड असते, हे या प्रसंगाइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही झाले नसेल.

या स्वस्त 50 मिलिमीटर लेन्सला एवढे महत्त्व असण्याचे कारण साधे आहे. किट लेन्स 55 मिलिमीटरवर नेली की तिचे छिद्र जास्तीत जास्त एफ 5.6 इतकेच उघडते, आणि हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, त्यामुळे एफ 1.8ची लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. मंगल कार्यालयाच्या पिवळ्या उजेडात किट लेन्सने घेतलेले चित्र हलते, किंवा सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवावी लागून रवाळ होते. तेथे नवा कॅमेरा घेण्यापेक्षा ही एक लेन्स घेणे अनेकपटींनी फलदायी ठरत असे. शिवाय, लेन्स कोणतीही असो, फिल्मच्या छत्तीस चित्रांच्या रोलचा धाक संपल्याने आणि प्रत्येक चित्रासोबत वेग, छिद्र व आयएसओ यांची नोंद आपोआप होऊ लागल्याने, चूक कोठे झाली ते त्याच क्षणी तपासता येऊ लागले. शिकण्याच्या दृष्टीने डिजिटलची खरी देणगी ही होती.

2012 साली एसएलआरची जगभरातील विक्री दीड कोटींच्या पलीकडे पोचली आणि त्यानंतर ती उतरू लागली. मोबाइलने खालून, आणि 2008च्या ‘पॅनासॉनिक जी1’पासून सुरू झालेल्या आरसाविरहित, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांनी वरून तिला घेरले. बाजार आटला तशी काटछाट अधिक टोकाची झाली. 2018 साली कॅननने आणलेले आणि भारतात ‘1500डी’ व ‘3000डी’ या नावांनी विकले गेलेले कॅमेरे याचा दाखला होत. 3000डीमध्ये लेन्स अडकवण्याचे कडेसुद्धा धातूऐवजी प्लास्टिकचे आले. दोहोंच्या डोक्यावरील फ्लॅशच्या खाचेतून, म्हणजे हॉट-शूमधून, मधला संपर्कबिंदू काढून टाकला गेला. हा एक ठिपका जवळजवळ सर्व कंपन्यांच्या फ्लॅशना चित्राच्या क्षणी पेटण्याचा इशारा देत आला होता. तो गेल्यामुळे केवळ त्याच ठिपक्यावर चालणारे साधे फ्लॅश आणि स्टुडिओचे दिवे दुरून पेटवणारे स्वस्त ट्रिगर या कॅमेऱ्यांवर निरुपयोगी झाले. लग्नाची छोटी कामे घेऊन व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणासाठी हा तोटा बिंदूंच्या संख्येतील कोणत्याही फरकाहून मोठा होता, आणि खोक्यावर त्याचा उल्लेख शोधूनही सापडत नसे.

आरसा गेल्यानंतरही ही रीत थांबलेली नाही. कॅननने 2023 साली आणलेल्या मिररलेस ‘आर50’मध्ये नेहमीचे फ्लॅश लावण्यासाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर विकत घ्यावा लागतो, आणि त्याच वर्षीच्या, त्याहून स्वस्त ‘आर100’च्या पडद्यातून स्पर्शाची सोय वगळलेली आहे.