पुस्तकी मूल्याची वाढ ही बांधकाम कंपनीची कसोटी नव्हे

बांधकाम कंपन्यांचे शेअर निवडताना एक मत सर्रास मांडले जाते : नफा वर-खाली होतो, म्हणून ज्या कंपनीचे प्रतिशेअर पुस्तकी मूल्य सर्वांत वेगाने वाढते ती सरस मानावी. या मतात तथ्यांश आहे. प्रकल्पाचा नफा बहुधा ताबा देण्याच्या सुमारास एकदम हिशेबात येतो. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. तरीही ही कसोटी फसवी आहे, आणि कर्जत-खालापूरच्या जमिनींवर ती लावली की तिचे दोष उघडे पडतात.

समजा, चौक गावाजवळ दोन कंपन्यांच्या 100-100 एकर जमिनी लागून आहेत. पहिलीने 2005 मध्ये एकरी 10 लाखांनी घेतली, दुसरीने गेल्या वर्षी एकरी 1 कोटीने. इंड एएस 2 या लेखामानकानुसार विकसित करून विकायची जमीन हा माल. तो खरेदीखर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य, यांत जे कमी त्या किमतीला दाखवायचा. म्हणून पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग चौकवरून आखला गेला, 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, तरी पहिलीच्या ताळेबंदात ती जमीन 10 कोटींचीच. चढलेला भाव पुस्तकात येणार तो जमीन विकली जाईल तेव्हा. संपत्ती साठत असताना ही कंपनी सुस्त दिसते आणि साठा संपत आला की चपळ. तेवढीच जमीन पुन्हा घ्यायची तर आजचा भाव मोजावा लागेल, हे त्या वाढीत कुठेच दिसत नाही.

‘नियम सर्वांना सारखाच, मग तुलनेत अडचण काय?’ असा आक्षेप येईल. नियम सारखा असला तरी खरेदीची वर्षे सारखी नसतात. शेतकऱ्यांशी संयुक्त विकासाचा करार करणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात तर बहुतांश जमीन येतच नाही.

दुसरा दोष भांडवलाचा. खालापुरात सुमारे 90 एकर घेणाऱ्या गोदरेज प्रॉपर्टीजने 2024 च्या अखेरीस संस्थात्मक गुंतवणूकदारांना 2,595 रुपये दराने शेअर देऊन 6,000 कोटी उभारले. 2024-25 चा नफा सुमारे 1,400 कोटी. यात गैर काहीच नाही. पण त्या वर्षी पुस्तकी मूल्य वाढले ते मुख्यतः नव्या भागधारकांनी मोजलेल्या अधिमूल्यामुळे. अमेरिकेतली घरबांधणी कंपनी एनव्हीआर नेमकी उलट चालते : जमीन विकत न घेता तिच्यावर खरेदीचा हक्क राखते आणि नफ्यातून स्वतःचे शेअर परत घेते. या कसोटीवर तिला तिच्या कमाईच्या मानाने कमी गुण मिळतील. खुद्द वॉरन बफे यांनी 2019 मध्ये भागधारकांना लिहिलेल्या पत्रात आपल्या बर्कशायर कंपनीसाठी हा मापदंड सोडला; शेअरची पुनर्खरेदी हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते.

तिसरा दोष सातबारा वाचला की कळतो. ताळेबंदात जमिनीचा एकच आकडा असतो. सातबाऱ्यावर मात्र ‘भोगवटादार वर्ग 2’ असते, ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाची नोंद असते. कुळकायद्याच्या कलम 43 खालच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध असतात. कुठे उल्हास नदीची निळी पूररेषा, कुठे माथेरानचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र. सारख्याच किमतीला घेतलेल्या दोन तुकड्यांपैकी एकावर पुढच्या वर्षी घरे उभी राहतील, दुसऱ्यावर वीस वर्षे गवत वाढेल.

शिवाय 1 एप्रिल 2018 पासून महसूल कधी धरायचा हे ठरवणारे इंड एएस 115 लागू झाले आणि अनेक कंपन्यांनी आधी दाखवलेला नफा राखीव निधीतून मागे घेतला. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका रांगेत बसत नाहीत.

पुस्तकी मूल्य निरुपयोगी नाही. ते सतत घटत असेल तर तो धोक्याचा इशारा आहे. कंपन्यांची क्रमवारी मात्र वेगळ्या प्रश्नांवर लावावी. जमीन कोणत्या वर्षी, काय भावाने घेतली? किती एकर बिनशेती आहे? किती प्रकल्पांना महारेरा क्रमांक आहे? ग्राहकांकडून प्रत्यक्ष वसुली किती, निव्वळ कर्ज किती, आणि नवे भांडवल वगळता तेजी-मंदीच्या पूर्ण चक्रात भागधारकांच्या पैशावर परतावा किती? ही उत्तरे गोळा करायला वेळ लागतो, पण निवृत्तीची पुंजी अशा शेअरमध्ये घालणाऱ्याने तो द्यायलाच हवा.