लाल दिव्याखाली गेलेला फोटो

या स्मरणिकेत इतर बॅचचे निरोप समारंभाचे फोटो तुम्ही पाहाल. आपल्या १९७९ च्या दहावीचा मात्र नाही. आजवर कोणी विचारले की मी "फिल्म खराब निघाली" असे सांगत आलो. फिल्म चांगली होती. ती मी खराब केली.

प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली आठवते? विज्ञानाच्या सरांनी तिची डार्करूम केली होती. खिडकीला घोंगडी, टेबलावर तीन तबके: एकात डेव्हलपर, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात हायपो. पहिला लाल दिवा आम्ही पोरांनीच केला. झिरोच्या बल्बला लाल जिलेटिन कागद गुंडाळला. प्रिंट मात्र सगळ्या करड्या, मळकट निघाल्या.

सरांनी मग एक साधी परीक्षा शिकवली. फोटोच्या कोऱ्या कागदावर नाणे ठेवायचे, लाल दिव्याखाली पाच मिनिटे तसेच राहू द्यायचे आणि मग कागद डेव्हलपरमध्ये टाकायचा. नाण्याचा पांढरा गोल उमटला, तर दिवा घातक. आमच्या कागदावर गोल अगदी स्पष्ट उमटला. जिलेटिनचा रंग फिका होता आणि होल्डरच्या बाजूने पांढरा उजेडही निसटत होता. म्हणून टिनाच्या डब्याला गडद लाल काच बसवली, आत १५ वॅटचा बल्ब लावला आणि डबा टेबलापासून चार फूट दूर टांगला. पुन्हा नाणे ठेवले. या वेळी काहीच उमटले नाही. सरांनी डब्यावर खडूने लिहिले, 'सुरक्षित'.

आता दिवा लालच का, ते सांगतो. चांदीच्या क्षारांवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होतो, लालचा जवळजवळ नाही. १८५१ नंतर आलेल्या कोलोडियनच्या ओल्या काचांना पिवळा-नारिंगी उजेडही चालत असे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती याच काचांच्या जमान्यात. पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या. त्या अधिक वेगवान, म्हणून उजेड लाल करावा लागला. वीज नसलेल्या गावी लाल काचेचा कंदील वापरत. १८७३ साली जर्मनीत हेरमान फोगेल यांना आढळले की मिश्रणात विशिष्ट रंगद्रव्य घातले, तर काचेला हिरवा प्रकाशही 'दिसतो'. तरी लाल दिसत नव्हताच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म दादरच्या घरी धुतली आणि त्या कामात सरस्वतीबाईंनी हात दिला. त्या काळची फिल्मही लाल प्रकाशाला आंधळीच होती.

पण १९०६ साली इंग्लंडमध्ये पॅनक्रोमॅटिक काचा विक्रीला आल्या. त्यांना सगळे रंग दिसत, लालसुद्धा. हळूहळू साधी फिल्मही तशीच झाली. प्रिंटचा कागद मात्र बहुतेक जुन्या स्वभावाचाच राहिला. त्यामुळे डार्करूममधला लाल दिवा टिकला, पण तो फक्त कागदापुरता. फिल्मला पूर्ण काळोखच हवा.

हे मला ठाऊक नव्हते. तोवर फिल्म सर एकटेच धूत आणि आम्ही बाहेर थांबायचो. निरोपाच्या दिवशी क्लिक थ्रीने बारा फोटो काढले. सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते, म्हणून सगळ्यांच्या मधोमध खुर्चीवर ते बसले होते. संध्याकाळी त्यांना ऑफिसात बोलावणे आले. बाहेर तुम्ही सगळे फोटोची वाट पाहत होता. मी आत गेलो, 'सुरक्षित' लिहिलेला दिवा लावला आणि फिल्म उलगडली. वेष्टनावर 'पॅनक्रोमॅटिक' छापले होते. मी ते वाचलेही होते, अर्थ कधी विचारला नव्हता. डेव्हलपरमध्ये फिल्म टोकापासून टोकापर्यंत काळी होत गेली.

सर आले. त्यांनी फिल्म बल्बसमोर धरली आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चूक माझी रे. 'कागदासाठी सुरक्षित' असे पूर्ण लिहायला हवे होते." बाहेर येऊन त्यांनी तुम्हाला सांगितले की फिल्म खराब निघाली. ते वाक्य मूळचे त्यांचे. मी ते इतकी वर्षे वापरले.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी चाळीसगावला केकी मूस (१९१२–१९८९) यांचे घर पाहिले. आता तिथे संग्रहालय आहे. सुमारे पन्नास वर्षे क्वचितच घराबाहेर पडलेल्या या माणसाने टेबलावर छोट्या वस्तू मांडून थक्क करणारी छायाचित्रे काढली. आपण नरडाण्यात लाल जिलेटिनशी झटत होतो तेव्हा आपल्याच खानदेशात एवढा मोठा कलावंत हयात होता, आणि आम्हाला त्यांचे नावही माहीत नव्हते. तिथल्या काळ्या-पांढऱ्या छाया पाहताना मला सरांची खुर्ची आठवत राहिली.

सर आता नाहीत. त्या दिवशी पालकांपैकी कोणी दुसरा कॅमेरा आणला असेल आणि कुणाच्या घरी जुन्या पाकिटात एखादी प्रिंट असेल, तर स्नेहमेळाव्याला जरूर घेऊन या. तिची प्रत काढून प्रत्येकाला देण्याचे काम माझे. या वेळी कोणतीही घाई करणार नाही.