तुटलेली तार

आमच्या शाळेंतील हस्तव्यवसायाच्या वर्गांत विजेची एक लहान भट्टी होती. प्रदर्शनाला चार दिवस उरले असतां, झिलई दिलेलीं मुलांचीं चाळीस भांडीं आंत असतांनाच, तिची तापणारी तार तुटली. उष्णतामान सहाशें अंशांवर थबकलें आणि उतरूं लागलें. नवी तार येण्यास पंधरवडा लागणार होता. वायरमन म्हणाला, "मास्तर, तांब्याचा तुकडा घालून जोडून देऊं काय?" मीं त्याला थांबविलें. कां थांबविलें, तें कळण्यासाठीं थोडें इतिहासांत डोकावलें पाहिजे.

भट्टीनें ऐन वेळीं दगा द्यावा, हें दुःख फार जुनें आहे. सोळाव्या शतकांत फ्रान्समधील सँत या गांवीं बर्नार पालिसी हा कारागीर शुभ्र झिलईच्या ध्यासानें वर्षानुवर्षें झटत होता. एकदां झिलई वितळण्यापूर्वींच जळण संपलें. तेव्हां त्यानें बागेंतील खुंट, घरांतील मेजें आणि जमिनीच्या फळ्यादेखील भट्टींत घातल्या. ही हकीकत त्यानें स्वतःच १५८० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सांगितली आहे.

विजेच्या भट्टींत जळण नसतें. तारेचा विरोधच तेथें उष्णता निर्माण करतो. ही उष्णता तारेच्या विरोधाच्या आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, हा नियम इंग्लंडमध्यें जूलनें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. नियम सांपडला, परंतु तो धगींत पाळणारी स्वस्त तार कोठें होती? लोखंडाची तार लाल झाली कीं प्राणवायूनें तिला खपल्या धरीत आणि ती झिजून जाई. प्लॅटिनम टिके, पण त्याचें मोल कोणास परवडावें?

ही अडचण दूर होण्यास पासष्ट वर्षें लागलीं. अमेरिकेंत अल्बर्ट मार्श यानें सुमारें चार भाग निकेल व एक भाग क्रोमियम यांचा मिश्रधातु केला. १९०६ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. या तारेवर तापतांना क्रोमियमच्या भस्माची पातळ साय धरते आणि तीच आंतल्या धातूचें रक्षण करते. पुढें स्वीडनमधील हाल्स्टाहामर येथें हान्स फॉन कान्ट्झो यानें लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांची तार सिद्ध केली. त्याच्या व गांवाच्या नांवांतून 'कंथाल' हें नांव झालें. ही तार अधिक धग सोसते; मात्र एकदां तापली कीं निवाल्यावर ठिसूळ होते. आमच्या भट्टींत हीच तार होती.

आतां तांब्याचें पाहा. तांबें १०८५ अंशांवर वितळतें, आणि आमच्या झिलईला अकराशें अंश हवे होते. तें मध्येंच ओघळलें असतें. म्हणून आम्हीं मुख्य बटन बंद केलें, भट्टी रात्रभर निवूं दिली आणि भांडीं बाहेर काढलीं. तुटलेलीं टोकें थंडपणीं वाकविलीं असतीं, तर कट्‌कन मोडलीं असतीं. तीं ब्लोलॅम्पनें लाल करून, लाल असतांनाच पकडीनें आंकड्यासारखीं वळविलीं, एकमेकांत गुंतविलीं आणि घट्ट आवळलीं. जोड सैल राहिला, तर विरोध तेथेंच वाढतो. मग जूलचा नियम नेमका तेथेंच तार जाळतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं भट्टी उघडली. दोन भांड्यांना तडे गेले होते. अडतीस चकाकत होतीं. ज्या दोन मुलांचीं तीं होतीं, त्यांची समजूत घालणें तार जोडण्याहून कठीण गेलें.

असा जोड म्हणजे आपद्धर्म; त्यावर कायम विसंबूं नये. नवी तार आली तेव्हां आम्हीं तो काढून टाकला. वायरमननें तो तुकडा मागून घेतला आणि आपल्या हत्यारांच्या पेटींत जपून ठेवला.